पूर यायचा आणि पूर आला



स्पॅनिश भाषेत साधे भूतकाळ दोन आहेत. दोन्ही एकाच शब्दात होतात. ‘होता’, ‘असे’ असलं कुठलंही मदतनीस क्रियापद त्यांना लागत नाही. ‘बोलणे’ या अर्थाचं क्रियापद आहे ‘आब्लार’. त्याचं भूतकाळी एक रूप ‘आब्लो’, दुसरं ‘आब्लाबा’. इंग्रजीतून शिकवणारं पुस्तक उघडलं तर दोन्हींच्या समोर ‘स्पोक’ हा शब्द लिहिलेला सापडू शकतो. यातलं कोणतं केव्हा वापरायचं, हा प्रश्न स्पॅनिश शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी पडतो आणि पुष्कळांचा तो शेवटपर्यंत सुटत नाही. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. माझं बालपण मात्र या भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी गेलं. म्हणून आज हे इथंच येऊन सांगावंसं वाटलं की, या प्रश्नाचं उत्तर इथल्या माणसाच्या जिभेवर आधीपासून आहे. आपण ते इंग्रजीच्या वाटेनं शोधायला जातो आणि वाटेतच हरवून बसतो.

आधी या दोन काळांची नावं पाहू, कारण निम्मा घोळ नावांनी केलेला आहे. 1492 साली आंतोनियो दे नेब्रिहा या पंडितानं कास्तिलियन भाषेचं, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचं, पहिलं छापील व्याकरण प्रसिद्ध केलं. कोलंबस समुद्रात उतरला तेच हे वर्ष. नेब्रिहानं ‘आब्लो’ला ‘संपलेला भूत’ आणि ‘आब्लाबा’ला ‘न संपलेला भूत’ म्हटलं. आजच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्याला ‘इंदेफिनिदो’ आणि दुसऱ्याला ‘इंपेर्फेक्तो’ म्हणतात. मी आज हीच दोन नावं वापरेन. ‘न संपलेला’ हे नाव ऐकलं की वर्गात हमखास हात वर होतो: “मॅडम, माणूस वारला, घर पडलं, सगळं संपलं, तरी ‘न संपलेला’ कसा?” विद्यार्थ्याची शंका रास्त आहे. तिचं उत्तर मिळायला साडेतीनशे वर्षं लागली. काराकासमध्ये जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेल्यो यांनी 1847 मध्ये अमेरिका खंडातल्या स्पॅनिश भाषकांसाठी व्याकरण लिहिलं. त्यात त्यांनी दुसऱ्या काळाला ‘कोप्रेतेरितो’ असं नवं नाव दिलं. मराठीत आपण त्याला ‘सहभूत’ म्हणू: भूतकाळातल्या कुठल्यातरी क्षणाच्या सोबतीनं चाललेली गोष्ट. ती पुढे संपली की नाही, याच्याशी त्या रूपाला कर्तव्य नाही. बोलणारा तिच्याकडे कुठून पाहतो, एवढाच प्रश्न. वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलावर उभं राहिलं की खालून गेलेला डोंगा या काठापासून त्या काठापर्यंत सबंध दिसतो; डोंग्यात बसलं की काठ दिसत नाहीत, नुसतं पाणी चाललेलं असतं. इंदेफिनिदो पुलावरून पाहतो आणि इंपेर्फेक्तो डोंग्यातून.

आता मराठीकडे वळू. शाळेत आपण भूतकाळाचे चार प्रकार शिकलो: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. ‘गेला’, ‘जात होता’, ‘गेला होता’, ‘जात असे’. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. पण यातला रीती भूतकाळ ही साधीसुधी गोष्ट नाही. ‘जात असे’, ‘जायचा’, ‘जाई’ ही त्याची रूपं आपण दिवसभर वापरतो आणि कधीही चुकत नाही. चौथीतल्या मुलाला विचारा, “सुट्टीत मामाकडे काय करत होतास?” तो म्हणेल, “आम्ही तलावावर जायचो, मासे पकडायचो, एकदा मी पडलो.” जायचो, पकडायचो, पडलो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ‘एकदा’ म्हटल्याबरोबर क्रियापदानं घर बदललं. स्पॅनिश मूलही नेमक्या त्याच ठिकाणी घर बदलतं: ‘इबामोस’, ‘पेस्काबामोस’, आणि मग ‘मे काई’.

मग हाच मुलगा मोठा होऊन माझ्या वर्गात येतो तेव्हा अडखळतो कशानं? तो मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो म्हणून. इंग्रजीत ‘वेन्ट’ म्हटलं की गेला, जायचा, जाई या सगळ्यांचं काम भागतं. इंग्रजीजवळ ‘यूज्ड टू’ आहे, ‘वॉज गोइंग’ आहे, पण ते वापरणं पुष्कळदा बोलणाऱ्याच्या मर्जीवर असतं. स्पॅनिश आणि मराठीत ती मर्जी चालत नाही, निवड करावीच लागते. ज्या भाषेत फरक करण्याची सक्ती नाही, तिच्यातून गेलं की फरक गळून पडतो. त्यावर उपाय म्हणून पुस्तकं खुणेच्या शब्दांची यादी देतात. ‘काल’, ‘एकाएकी’ दिसलं की इंदेफिनिदो. ‘नेहमी’, ‘दररोज’ दिसलं की इंपेर्फेक्तो. मुलं याद्या पाठ करतात आणि पहिल्याच खऱ्या परिच्छेदात ठेचकाळतात. ‘त्याला नेहमी शिक्षकच व्हायचं होतं’ आणि ‘तो नेहमी खरंच बोलला, शेवटपर्यंत’ या दोन्ही वाक्यांत ‘नेहमी’ आहे. दुसऱ्यात सगळं आयुष्य शेवटच्या टोकावरून पाहिलेलं आहे, आणि तिथं स्पॅनिश इंदेफिनिदोच वापरते.

मराठी माणसापाशी या यादीपेक्षा भरवशाची खूण आहे. ती ऐकू येते. “आजोबांनी भाकरी खाल्ली.” “आजोबा भाकरी खायचे.” पहिल्या वाक्यात आजोबांना ‘नी’ लागला आणि क्रियापद भाकरीच्या मागे गेलं: खाल्ली. दुसऱ्यात ‘नी’ गळाला आणि क्रियापद पुन्हा आजोबांच्या मागे आलं: खायचे. ‘खात होते’ म्हणा, ‘खात असत’ म्हणा, ‘नी’ येतच नाही. काळ बदलला तसं सबंध वाक्य कूस बदलतं. स्पॅनिशमध्ये फक्त क्रियापदाची शेपटी बदलते: ‘कोमिओ’, ‘कोमीआ’. मराठीत कर्ता, कर्म, क्रियापद यांचं आपसातलं नातंच बदलतं. इतकी ठळक खूण ज्याच्या कानात आहे, त्यानं या दोन काळांत गोंधळावं याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी वर्गात सांगते: कर्त्याला ‘नं’ किंवा ‘नी’ लागला आणि क्रियापद साधं असेल, तर डोळे मिटून इंदेफिनिदो लिहा. ‘म्हणाला’, ‘शिकला’, ‘विसरला’ अशा क्रियापदांना ‘नं’ लागत नाही, ‘मी’ आणि ‘तू’ला तो दिसत नाही, तिथं ‘-ला’ पाहा. पण जिथं ‘नं’ आहे, तिथं शंकेला जागा नाही.

उदाहरण म्हणून एक माणूस घेते. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक, गदर चळवळीतले. इंग्रजांमुळे मायदेशाचे दरवाजे बंद झाले. 1924 मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले आणि पुढली तीन दशकं त्यांनी तिथं काढली. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभ्या केल्या. दिएगो रिव्हेरानं मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर जी चित्रं रंगवली, त्यांत खानखोजे आहेत. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले, इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर. विदर्भातल्या मराठी माणसानं इतकी वर्षं स्पॅनिशमध्ये शिकवलं, भांडणतंटे केले, शेतकऱ्यांची समजूत घातली, हे मला माझ्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. आता मी गेल्या सहा-सात वाक्यांत काय केलं ते पाहा. पोहोचले, काढली, शिकवलं, केलं, उभ्या केल्या, रंगवली, परतले, वारले. सगळे इंदेफिनिदो. ही चरित्रकोशातली नोंद आहे. ती पुलावरून लिहिलेली असते. तीच माहिती त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्यानं चापिंगोत सांगितली असती तर? “सर सकाळी शेतात यायचे, कणीस सोलून दाखवायचे, आम्ही भोवती उभे असायचो.” ‘बेनीआ’, ‘मोस्त्राबा’, ‘एस्ताबामोस’. माणूस तोच, वर्षं तीच. नोंद ठेवणारा ‘शिकवलं’ लिहितो आणि ज्यानं शिकून घेतलं तो ‘शिकवायचे’ म्हणतो.

यातून एक गैरसमज निघून जावा. किती वेळ चाललं, याचा काळाच्या निवडीशी संबंध नाही. तीन दशकं इंदेफिनिदोत मावतात, आणि अर्ध्या मिनिटासाठी इंपेर्फेक्तो लागू शकतो: “मी कुलूप लावत होते, तेवढ्यात फोन वाजला.” ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी निमंत्रणपत्रिकेवर छापलं आहे की त्यांनी पस्तीस वर्षं अध्यापन केलं. केलं. दोन्ही टोकं ठाऊक आहेत, आकडा ठाऊक आहे. स्पॅनिशमध्ये इथं ‘एन्सेन्यो’च येईल, ‘एन्सेन्याबा’ लिहिलं तर खोडावं लागेल. पण आज कार्यक्रमाआधी बाहेर पायऱ्यांवर त्यांचे जुने विद्यार्थी बोलत उभे होते. तिथं एकाच्याही तोंडी ‘केलं’ नव्हतं. गुरुजी फळ्यावर कसे लिहायचे, हजेरी घेताना कसे थांबायचे, कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे कसं ओळखायचे. एखाद्यानं “एकदा गुरुजींनी मला...” असं सुरू केलं की पुन्हा ‘नी’ येई आणि सगळे पुढे सरकून ऐकू लागत. आठवण आणि घटना यांची ही अदलाबदल आपल्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी होते. स्पॅनिश शिकणाऱ्यानं एक तास गप्प बसून आपल्याच माणसांची गप्पांची बैठक ऐकावी. कुठल्याही पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा ती उपयोगी पडेल.

पवनी तालुक्यात, बुडीत क्षेत्रातल्या एका गावच्या म्हातारीकडून ऐकलेलं एक बोलणं आज तुमच्यापुढे ठेवते. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पुढे पाणी साठत गेलं आणि नदीकाठची गावं उठली. ती म्हातारी जुन्या गावातल्या पुराविषयी सांगत होती. म्हणाली, “पूर ये, दोन दिवस राहे अन् चालला जाय. त्या वर्षी आला अन् गेलाच नाही.”

हे मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि त्याखाली स्पॅनिश लिहिते: ‘बेनीआ, से केदाबा दोस दीआस ई से इबा. आकेल आन्यो बीनो ई नो से फ्वे.’ तीन इंपेर्फेक्तो, दोन इंदेफिनिदो. एकही रूप हलवता येत नाही. ‘ये, राहे, जाय’ यांत वर्षानुवर्षांचे पूर आहेत. बांधीत गाळ सोडून जाणारे, रोवणी पुढे ढकलायला लावणारे, पण ओळखीचे. त्यांतला एकही पूर ती वेगळा काढून दाखवत नाही. मग ‘त्या वर्षी’ म्हणते आणि ‘आला’. या एका क्रियापदावर सगळं आयुष्य दोन भागांत तुटतं. इंग्रजीत हे वाक्य मी कितीदा करून पाहिलं. ‘केम’ आणि ‘केम’ मध्ये तो तुकडा पडत नाही, आणि ‘यूज्ड टू’ घातलं की बोलणं अडखळतं. स्पॅनिशमध्ये ते जसंच्या तसं उतरलं. कोलंबियाच्या नदीकाठची एखादी म्हातारी हे ऐकेल तर तिला कुठलीही टीप लागणार नाही.

‘ये’, ‘राहे’, ‘जाय’ या रूपांविषयी थोडं सांगायलाच हवं. पुण्या-मुंबईच्या बोलण्यातून ‘येई’, ‘राही’ ही रूपं जवळजवळ गेली. आता ती कथा-कादंबरीत आणि कवितेत दिसतात. बोलण्यात ‘यायचा’, ‘राहायचा’ आलं. विदर्भात, आणि विशेषतः आपल्या झाडीपट्टीत, जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून जिवंत आहेत. “आजा सांगे”, “माय म्हने”, “बैल चरे”. आणि त्यांचं वय पाहाल तर थक्क व्हाल. संस्कृतात भूतकाळ तीन होते, पण त्यांच्यातला फरक मुळात वेगळा होता. पाणिनीच्या मांडणीत आज घडलेलं आणि आजच्या आधीचं यांत भेद आहे. डोळ्यांदेखत घडलेलं आणि डोळ्यांआड घडलेलं यांत भेद आहे. प्राकृतापर्यंत येता येता ती सगळी व्यवस्था मोडली. मराठीनं घडलेल्या गोष्टीसाठी ‘केला’, ‘गेला’ ही रूपं धातुसाधितावरून बनवली. कर्त्याला ‘नं’ लागतो तो त्यामुळेच: ‘त्याच्याकडून केलं गेलेलं’ असा मूळ सांगाडा आहे. आणि ‘करी’, ‘जाई’? ती एकेकाळी वर्तमानकाळाची रूपं होती. महानुभावांच्या गद्यात ‘करी’ म्हणजे ‘करतो’. पुढे ‘करतो’ हे नवं रूप वर्तमानात येऊन बसलं आणि त्यानं जुन्याला भूतकाळात सरकवलं. ते तिथं नेहमीची रीत सांगू लागलं. मोरो केशव दामले यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या सगळ्या रूपांचा जो छडा लावला आहे, तो मराठीच्या प्रत्येक शिक्षकानं वाचावा असा आहे.

स्पॅनिशला हे सायास पडले नाहीत. लॅटिनमध्येच दोन रूपं होती, ‘आमावी’ आणि ‘आमाबाम’, आणि ती झिजत झिजत आजच्या ‘आमे’ आणि ‘आमाबा’पर्यंत पोहोचली. स्पॅनिशला हा भेद वारशात मिळाला. मराठीच्या घरात तो शिल्लक नव्हता; मोडक्यातोडक्या सामानातून तिनं तो पुन्हा उभा केला. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तो बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही.

मघाशी ज्यांच्या गद्याचा उल्लेख केला, त्या महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे अनुयायी नीळभट भांडारेकर याच भंडाऱ्याचे. स्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लोकांना विचारून विचारून गोळा केल्या. ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडून ऐकलं, मग लिहिलं. आमच्या परिसरातला माणूस मराठीतल्या आद्य गद्यचरित्राच्या पानांवर वावरतो, हे स्पॅनिशच्या वर्गात सांगण्याचं कारण असं की, पाहणाऱ्याच्या तोंडून आलेली गोष्ट आणि नोंदलेली गोष्ट यांतला फरक आपल्याकडे तेव्हापासून जपलेला आहे.

इथवर मराठी वाट दाखवते. पुढे एका वळणावर ती फसवते, आणि तिथं जास्त वेळ थांबायला हवं. ते वळण म्हणजे ‘होता’. “कालचं नाटक छान होतं.” “तेव्हा गावात एक वड होता.” दोन्हीकडे ‘होता’. स्पॅनिशमध्ये मात्र पहिल्या ठिकाणी बहुधा ‘फ्वे’ किंवा ‘एस्तुवो’, दुसऱ्या ठिकाणी ‘आबीआ’. मराठी ‘होता’ दोन्ही घरांत राहतो. माझे चांगले विद्यार्थी इथं चुकतात, आणि चुकतात ते मराठीवर विश्वास ठेवल्यामुळे. मग करायचं काय? तिथंही मराठीतच एक कसोटी सापडते: त्या ‘होता’च्या जागी ‘झाला’ बसतो का पाहा. भाऊबीजेनंतर मंडईच्या जत्रेत नाटक पाहून आलात. घरच्यांनी विचारलं, कसं होतं? “छान झालं.” बसलं! सबंध नाटक पडदा पडल्यावर एकदम पाहिलं जात आहे, तिथं ‘फ्वे’. पण “गावात एक वड झाला” असं कुणी म्हणणार नाही, तिथं ‘आबीआ’.

ही ‘झाला’ची कसोटी किती लांबवर जाते ते पाहा. स्पॅनिश व्याकरणाच्या पुस्तकांत एक भीतिदायक प्रकरण असतं: भूतकाळ बदलला की अर्थच बदलणारी क्रियापदं. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे. ‘तेनीआ ऊना इखा’ म्हणजे तिला एक मुलगी होती. ‘तूवो ऊना इखा’ म्हणजे तिला मुलगी झाली. ‘साबीआ’ म्हणजे मला माहीत होतं. ‘सूपे’ म्हणजे मला कळलं. ‘कोनोसीआ’ म्हणजे मी त्यांना ओळखत होते. ‘कोनोसी’ म्हणजे त्यांची ओळख झाली. ‘आबीआ गेर्रा’, युद्ध चालू होतं. ‘ऊवो गेर्रा’, युद्ध झालं. ‘पोदीआ’, करता येत होतं. ‘पूदो’, करता आलं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही अपवादांची यादी वाटते आणि तो ती घोकतो. मराठीतून पाहिलं की त्यात अपवाद असा काही उरत नाही. होता आणि झाला, येत होतं आणि आलं. डोंग्यातून पाहिलेली स्थिती आणि पुलावरून पाहिलेला तिचा आरंभ. आपण हे रोज बोलतो. गोंदिया आपल्या जिल्ह्यात होता, 1 मे 1999 ला वेगळा झाला. पवनीच्या जगन्नाथ टेकडीखाली स्तूप होता, 1969-70 च्या उत्खननात तो उघड झाला. इथं कुणाचा गोंधळ उडतो?

एक क्रियापद खरोखर अवघड आहे: ‘केरेर’, हवं असणे. ‘नो केरीआ इर’ म्हणजे त्याला जायचं नव्हतं; पुढे गेला असेलही. ‘नो कीसो इर’ म्हणजे तो जायला तयारच झाला नाही, गेलाच नाही. इच्छा नसणं आणि नकार देणं यांतली सीमारेषा स्पॅनिश फक्त काळाच्या बळावर ओढते. मराठीत एका रूपानं हे साधत नाही; ‘च’ घालावा लागतो, किंवा ‘ऐकलं नाही’, ‘तयार झाला नाही’ असं काही म्हणावं लागतं. आणि आपल्याकडे ‘जाईना’ आहे, ज्याला स्पॅनिशमध्ये जोड नाही: किती सांगितलं तरी जाईना. त्यात नकार आहे आणि सांगणाऱ्याची दमछाकही आहे. ‘जाईना’चं स्पॅनिश करताना मी दर वेळी थांबते आणि दर वेळी वेगळं काही लिहिते.

उलट दिशेचा प्रवास, स्पॅनिशमधून मराठीकडे, हा तर अनुवादकाची कसोटी पाहणारा आहे. ‘योबीआ’ या एका शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात: पाऊस पडत होता, किंवा पाऊस पडायचा. स्पॅनिश लेखकाला दोन्ही एकदम म्हणता येतात. मराठी अनुवादकाला ठरवावं लागतं की ही त्या एका संध्याकाळची गोष्ट आहे की दर पावसाळ्याची. गार्सिया मार्केस यांच्या ‘शंभर वर्षांचा एकांत’ या 1967 च्या कादंबरीत असे इंपेर्फेक्तो पानोपानी आहेत, आणि कुठे सवय संपून प्रसंग सुरू होतो ते लेखक मुद्दाम धूसर ठेवतो. मराठीत ते धुकं टिकवायचं तर ‘येई’, ‘जाई’ ही जुनी रूपं हाताशी हवीत. ‘यायचा’ फार ठाम आहे, ‘येत होता’ एका वेळेला बांधलेला आहे. ‘येई’त थोडी मोकळीक आहे. म्हणूनही मला झाडीपट्टीतली ‘ये’, ‘राहे’, ‘जाय’ मोलाची वाटतात.

मागणं सौम्य करण्यासाठी दोन्ही भाषा एकाच रूपाकडे धाव घेतात, हे सांगायचं राहू नये. किराणा दुकानात आपण म्हणतो, “पाव किलो साखर हवी होती.” साखर आत्ता हवी आहे, तरी ‘होती’. माद्रिदमधला गिऱ्हाईकही ‘केरीआ’ म्हणतो, ‘किएरो’ म्हणत नाही. मागणीचा रोख बोथट करायला तिला भूतकाळात ठेवायचं, आणि तेही न संपलेल्या भूतकाळात, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. इंदेफिनिदोत ही सोय नाही.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, मराठीचा, 1905 साली निघाला. त्यात नागपुरी बोलीचे आणि तिच्या भेदांचे नमुने आहेत. सर्वेक्षणात तुलनेसाठी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलींतून सांगवून घेतली होती. ही गोष्ट आपल्या विषयासाठी जणू बेतलेली आहे. एका माणसाला दोन मुलगे असतात, हे ‘होते’. धाकटा वाटा मागतो, हे ‘मागितला’. मुलगा सगळं उधळतो, दुष्काळ पडतो, इथपर्यंत घटना. मग तो डुकरं राखायला लागतो, डुकरं खात ते खाऊन पोट भरावं असं त्याला वाटे, आणि कुणी काही देत नसे. स्पॅनिश बायबलात इथली क्रियापदं इंपेर्फेक्तोत जातात, कारण भूक ही एका दिवसाची घटना नव्हती. मग तो उठतो आणि निघतो, पुन्हा इंदेफिनिदो. प्रत्येक बोलीतला सांगणारा या वळणांवर काय करतो हे ताडून पाहण्यासारखं आहे. हे काम इथल्या एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्यानं हाती घ्यावं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीला अभ्यासाचा विषय म्हणून उभं केलं, शब्द गोळा केले, साहित्य लिहितं केलं. क्रियापदांच्या रूपांवर, विशेषतः या रीती भूतकाळावर, अजून पुष्कळ बाकी आहे, आणि ती रूपं वापरणारी माणसं साठीच्या पुढची आहेत. त्यांची नातवंडं ‘यायचा’ म्हणतात.

ही रूपं गोळा करायला जाल तेव्हा प्रश्न कसा विचारता याकडे लक्ष द्या. पंचनाम्याला सगळं इंदेफिनिदोत लागतं: पाणी कधी शिरलं, घर कधी पडलं, किती धान गेलं. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हाही असंच विचारलं गेलं, आणि ते आवश्यकच होतं. पण तसा प्रश्न घेऊन गेलात तर उत्तरही ‘आला, शिरलं, पडलं’ असंच येईल. रोवणीच्या दिवसांत सकाळी आधी कोण उठे, बांधीवर शिदोरी कोण आणे, मंडईच्या रात्री दंडार पाहायला कुठल्या कुठल्या गावाहून माणसं येत, तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला आधी लागे, हे विचारा. पहिल्या दहा मिनिटांत घरची म्हातारी तुमच्याशी पुस्तकी मराठीत बोलेल, कारण तुम्ही शिकलेले आहात. तरी ध्वनिमुद्रण चालू ठेवा. चहा होईल, शेजारीण येऊन बसेल, त्या दोघी एकमेकींशी बोलू लागतील, आणि मग ‘ये’, ‘राहे’, ‘जाय’ येऊ लागतील.